डाव्या इंजिनाची तबकडी

तो पहिल्यांदा दुकानात आला, तेव्हा मी कुणाच्या तरी कीबोर्डमधून बिस्किटाचा चुरा झाडत होते. त्याच्या काखेत कॉम्प्युटरचा डबा होता, बुटांना माती होती आणि चेहरा घरातलं कुणी आजारी असल्यासारखा.

"विमानाला घड्याळंच नाहीत हो," तो म्हणाला.

"मग वेळेवर कसं पोचणार?"

तो हसला, पण अर्ध्या मिनिटानं. हिशेबी माणसं अशीच हसतात, आधी पडताळून. जमिनी मोजायचं काम करतो म्हणाला. मी मनातल्या मनात त्याचं नाव 'मोजणीसाहेब' ठेवून टाकलं.

दुखणं साधं होतं. कॉम्प्युटरवर विमान उडवायचा तो सिम्युलेटर; त्यात कुणा हौशी माणसानं बनवलेलं, दोन पंख्यांचं एक जुनं विमान वेगळं आणून बसवलेलं. ते नव्या मशीनवर नेलं आणि कॉकपिटमध्ये काट्यांच्या तबकड्यांच्या जागी नुसती काळी भोकं!

"फक्त विमानाचा फोल्डर उचललात ना?"

"सगळाच्या सगळा उचलला."

"तिथंच सगळे फसतात. तबकड्या राहतात वेगळ्या फोल्डरात. विमानाकडे असते नुसती यादी, कुठली कुठे लावायची त्याची."

"म्हणजे मी सामानाची चिठ्ठी आणली आणि पिशवी घरी विसरलो."

"बरोबर. आणि वर दुकानदाराशी भांडायला आलात."

"भांडलो कुठे?" त्यानं वर पाहिलं. "अजून तरी नाही…"

घरच्या जुन्या डिस्कवरून तबकड्या उतरवून आणायला त्याच्या तीन फेऱ्या झाल्या. मला मोजायची खोड आहे. तीन फेऱ्यांत बावीसपैकी एकवीस तबकड्या लागल्या आणि त्यानं माझ्याकडे अकरा वेळा पाहिलं – सात वेळा, माझं लक्ष नाही असं समजून.

बाविसावी, डाव्या इंजिनातल्या तेलाचा दाब दाखवणारी, चौथ्या फेरीला माझ्यासमोर होती. ती बसली की काम संपलं. काम संपलं की मोजणीसाहेबही संपले.

…मी यादीतल्या तिच्या ओळीपुढे दोन तिरक्या रेघा मारल्या. अशी ओळ मशीन वाचत नाही, सोडून देते. एक भोक राहिलं. दोन दिवसांत तक्रार घेऊन येईल, असा माझा अंदाज.

दोन दिवस गेले. नऊ गेले. दुकानात हाताखाली असलेला पोरगा म्हणाला, "ताई, दाराकडे इतकं बघू नकोस, ते लाजून बंद व्हायचं."

दहाव्या दिवशी तो आला. डबा टेबलावर ठेवला, पण बसला नाही.

"यातलं विमान काढून टाका. सगळंच."

"का? काही… राहिलंय का?"

"बाबांसाठी होतं ते. तीस वर्षं त्यांनी हेच विमान दुरुस्त केलं, खऱ्या वर्कशॉपमध्ये. आता नजर मधोमध पुसट होत चाललीय. काटे दिसतायत तोवर एकदा उडवायचं होतं त्यांना." त्यानं डब्यावर हात ठेवला. "मी नीट न बघताच मशीन जोडून दिलं आणि मोजणीला बाहेरगावी गेलो. काल फोनवर म्हणाले, डावीकडे काळा डाग दिसतो. डोळा गेला. आठ दिवस ते मशीनसमोर बसलेच नाहीत… कुणाशी नीट बोललेसुद्धा नाहीत."

मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. अकरा नजरा मोजल्या होत्या मी, पण विमान कुणासाठी, एवढं विचारलं नव्हतं.

गप्प राहता आलं असतं. दोन रेघा पुसायच्या, 'बघा, छोटा बिघाड होता' म्हणायचं…

"डोळा नाही गेला त्यांचा," मी म्हणाले. "तिथं खरंच भोक आहे. मी ठेवलंय. मुद्दाम."

"मुद्दाम?"

"तुम्ही परत यावं म्हणून."

त्यानं पाहिलं. ही नजर मी मोजली नाही.

"आठ दिवस," तो हळूच म्हणाला. "माझा बाप आठ दिवस भिंतीकडे बघत होता."

"मला त्यांच्याकडे न्या. मी स्वतः सांगते. मग हवं तर पुन्हा तोंड बघू नका माझं."

रिक्षात रस्ताभर तो डबा मांडीवर घेऊन बसला.

बाबा खुर्चीत होते, हात मोठे, नखांत अजून काळसर रेषा. मी मशीन जोडलं, यादी उघडली, दोन रेघा पुसल्या. पंखे फिरले. डावीकडच्या तबकडीतला काटा थरथरत वर चढला.

बाबा पुढे झुकले. मान जरा तिरकी केली.

"साठ," ते म्हणाले. मग मोठ्यानं, "साठ! अरे, दिसतोय की मला काटा!"

मी सगळं सांगितलं. काहीही न वगळता. त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

"आमच्या वर्कशॉपात असं काम सोडणाऱ्याला हाकलून द्यायचे, पोरी."

"हो, बाबा."

"आणि कबूल करणाऱ्याला ठेवून घ्यायचे. फार थोडे असत." त्यांनी जॉयस्टिक हातात घेतली. "आता बाजूला व्हा दोघं. मला उडू द्या."

आम्ही गॅलरीत आलो. आतून इंजिनांची घरघर येत होती… आणि बाबांची शीळ.

"राग गेला?" मी विचारलं.

"नाही. थोडा आहे." तो कठड्याकडे बघत होता. "पण मीही एक सांगू? दुसऱ्या फेरीलाच जुनी डिस्क आणता आली असती मला. पूर्ण. मी तिच्यातल्या तबकड्या थोड्या-थोड्या उतरवून आणल्या."

"…का?"

"उद्या सांगतो. साडेपाचला सुटता ना तुम्ही दुकानातून?"

"सुटते."

"मग साडेपाचला. डबा न घेता येईन."