सुताच्या खोलीतला कॅमेरा

मंजुषा गुजरीतून भाजी घेऊन परतली, तेव्हा तिच्या दारात एक शिडी उभी होती. शिडीवर एक अनोळखी तरुण होता आणि शिडीचा पाय समोरच्या शकुनबाईंनी दोन्ही हातांनी धरला होता. तो पडू नये म्हणून नव्हे. त्याला पाडण्यासाठी.

“उतर खाली! माह्या खिडकीत काय पाहून राहिला?”

“काकू, हलवू नका जी... पडलो तर तुमच्याच अंगावर पडीन!”

मंजुषाला हसू आवरलं नाही. त्या हसण्याकडे त्यानं खाली वळून पाहिलं मात्र, त्याच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर सुटला आणि थेट तिच्या थैलीतल्या वांग्यांवर येऊन पडला.

“हा भाजीत टाकायचा का?” तिनं विचारलं.

“नाही, मॅडम. कडक राहते... शिजत नाही.”

तो खाली उतरला. शकुनबाईंसमोर मोबाइल धरून त्यानं पडद्यावर बोट फिरवलं आणि त्यांच्या खिडकीवर एक काळा चौकोन ओढला. “पाहा काकू, तुमची खिडकी गेली. आता कलेक्टर आले तरी दिसणार नाही. दुसऱ्याच्या घरात डोकावणारा कॅमेरा मी लावतच नाही. अन् दिसेल त्या माणसाले विचारल्याबिगर चालू करत नाही.”

शकुनबाईंनी पडदा खालीवर निरखला आणि मोठ्या उपकारानं शिडी सोडली.

हा अश्विन. वैनगंगेपल्याडच्या कारध्याचा, वच्छलामावशीचा मुलगा. नागपुरातली नोकरी सोडून त्यानं भंडाऱ्यात कॅमेऱ्यांचं दुकान टाकलं होतं. वच्छलामावशी मंजुषाच्या घरी कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, सूत काढायला कितीतरी वर्षांपासून येत होती, पण तिचा हा मुलगा मंजुषाला आजवर फक्त ऐकून माहीत होता. गल्लीतलं एक कापडाचं दुकान फुटलं, तेव्हा मंजुषाचे वडील नंदलाल घाबरले. घरात माग, घरात कोशाच्या साड्या... त्यांनी अश्विनला बोलावणं धाडलं आणि कॅमेऱ्यांचा कारभार मुलीच्या हाती दिला.

दुपारभर ती त्याच्यामागं घरभर फिरली. तो प्रत्येक ठिकाणी तेच विचारी. इथं कोण बसते? त्यांना सांगितलं का? आवाजाची नोंद बंद ठेवू ना? दारावर पाटी लावू ना, आत कॅमेरा आहे म्हणून?

“तुमी कॅमेरे लावता की शाळा घेता?” ती म्हणाली.

“कोर्टानंच सांगतलं आहे, मॅडम. जिथं माणूस राहते-वावरते, तिथं त्याच्या मर्जीबिगर कॅमेरा नाही. घर आपलं असलं तरी.”

“मॅडम कायले म्हणता? मी काय बँकेत बसते?”

“मग काय म्हणू?”

“नाव आहे न मले.”

वायर ओढता ओढता तो अगदी हळू म्हणाला, “मंजुषाजी...” आणि स्वतःच लाजला. माणूस बोलताना समोरच्याकडे पाहतो. हा मात्र तिच्याशी बोलताना जमिनीकडे पाही. कॅमेरे लावणाऱ्यानं एवढं खाली पाहावं, याची तिला मोठी गंमत वाटली.

शेवटी राहिली मागची सुताची खोली. सूत काढणाऱ्या बाया दुपारी घरी गेलेल्या असत. खोलीत कोशांच्या टोपल्या, सुताच्या लड्या आणि उकळलेल्या कोशांचा तो उग्र वास. अश्विननं भिंतीवर हात ठेवला. त्याच्या मनगटावर चुन्याचा पांढरा ओघळ आला होता. तो पुसावा की नाही... मंजुषा त्या विचारात होती.

“इथं कोणी बसते का?” त्यानं विचारलं.

“अं? नाही... सूतच राहते इथं. त्या कोपऱ्यात लावा, सगळं दिसेल.”

प्रेमात पडलेल्या माणसाला प्रश्न विचारू नये, हेच खरं. त्यानं विचारला, आणि तिच्या शब्दावर विसंबून कॅमेरा लावून दिला.

त्यानंतर अश्विनला त्या गल्लीत फार कामं निघू लागली. कधी वायर तपासायला, कधी पासवर्ड बदलायला. “पासवर्ड मले सांगू नका,” तो बजावी. “लावणाऱ्याजवळ किल्ली राहू नये.” चहा घेई, जमिनीकडे पाहत दोन वाक्यं बोले आणि जाई. तो गेल्यावर ओसरी उगाचच मोठी वाटायची. पण दोघांच्या घरांमधे नुसती नदी नव्हती. हे कोष्ट्यांचं जुनं घर, ते बौद्धांचं. नदीवर पूल आहेत. तो दुसरा पूल कोण बांधणार, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं, आणि म्हणून दोघंही पासवर्डबद्दलच बोलत राहिले.

कार्तिकातल्या एका सकाळी नंदलाल मोठा टीव्ही आणायला बाजारात गेले. सगळे कॅमेरे बैठकीतल्या पडद्यावर दिसले पाहिजेत, आल्यागेल्या व्यापाऱ्यानंही पाहिले पाहिजेत, अशी त्यांची हौस. त्यासाठी अश्विन आला होता. ओसरीत थंडीचं कोवळं ऊन होतं. मंजुषानं आपल्या मोबाइलवर ॲप उघडून तो त्याच्या हाती दिला. गल्ली दिसली. शकुनबाईंचा काळा चौकोन दिसला. माग दिसला. मग त्यानं सुताची खोली उघडली.

चार बाया. चौघी भिंतीकडे तोंड करून, कॅमेऱ्याकडे पाठ करून बसलेल्या. त्यांतली एक पाठ त्यानं कुठंही ओळखली असती. तेवढ्यात त्या पाठीनं मान वळवली, आणि त्याच्या आईनं भेदरलेल्या डोळ्यांनी वर, सरळ कॅमेऱ्यात पाहिलं.

अश्विननं मोबाइल पालथा घातला.

“तुमी तर म्हटलं होतं, कोणी बसत नाही.” त्यानं पालथ्या मोबाइलकडे बोट केलं. “अन् ह्या भिंतीकडं तोंड करून काहून बसल्या?”

कॅमेरा लागला तेव्हापासून बाया अशा उलट बसलेल्या मंजुषानं पाहिल्या होत्या. थंडी आहे, भिंत उन्हानं तापते, म्हणून बसत असतील असं वाटलं होतं तिला. सूत काढायची रीत तिनं जन्मापासून पाहिलेली... रोजची, म्हणून दिसलीच नव्हती.

“अश्विन,” ती कशीबशी म्हणाली, “कोशाचं सूत कसं काढते, तुमाले माहीत आहे?”

“माय सांगे, हातानं काढते.”

“हातानं... मांडीवर. लुगडं वर घेऊन उघड्या मांडीवर सूत वळा लागते. म्हणून त्या खोलीत आमच्या घरचे पुरुषबी जात नाहीत. तिकडं जायचं असलं तर उंबऱ्याबाहेरून खाकरतात.”

आई रोज सकाळी नदी ओलांडून कामाला जाई, त्या पैशांवर अश्विन शिकला होता, आणि ते काम कसं असतं हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. आता तिच्या डोक्यावर त्यानंच, आपल्या हातानं, डोळा बसवून दिला होता. मुलानं लावलेला कॅमेरा; ती माउली बोलणार तरी काय? मुकाट्यानं पाठ फिरवून बसली.

“चूक माझी आहे,” मंजुषा म्हणाली. डोळे भरून आले होते. “तुमी विचारलं होतं. माझं ध्यान... दुसरीकडं होतं.”

“चूक माझी. त्या बायांना मी विचाराले पाहिजे होतं. तुमी सांगतलं म्हणून... पहिल्यांदाच कोणाच्या भरवशावर राहिलो.” त्यानं पालथा मोबाइल तसाच तिच्याकडे सरकवला. “काका टीव्ही घेऊन येतील. त्याच्याआधी त्या खोलीचं सगळं पुसा. माह्या हातानं नाही होणार, मालकी तुमची आहे. अन्... न पाहता पुसा.”

तिनं न पाहता पुसलं. नजर त्याच्या खाली घातलेल्या मानेवर ठेवून, तो सांगेल तिथं बोट दाबत गेली. मग शिडी उचलून तीच आत गेली, कारण त्याला आत जाता येत नव्हतं. तो उंबऱ्याबाहेर, दाराकडे पाठ करून उभा राहिला.

“स्क्रू डावीकडं फिरवा. हळू... वायर ओढू नका.”

“निघत नाही न!”

“मनातल्या मनात मले शिव्या द्या. निघते.”

बायांमधली कोणी तरी फिसकन हसली. मग वच्छलामावशीचा आवाज आला, “बाई, बाहेर अश्विन आहे का?”

“हो, मावशी.”

“त्याले म्हणा, माय रागावली नाही.”

निरोप पोचवायची गरज पडली नाही. बाहेर त्याचे खांदे हलताना दिसले, आणि मंजुषानं मुद्दाम शिडीवर जरा जास्त वेळ लावला.

ती कॅमेरा हातात घेऊन ओसरीत आली आणि दारात ऑटो थांबला. नंदलालांनी आधी कॅमेरा पाहिला, मग मुलीचा चेहरा.

“हे काहून काढलं? रेकॉर्डिंग आहे न?”

“पुसलं, काका,” अश्विन म्हणाला.

“पुसलं? कोणाले विचारून?” त्यांचा आवाज चढला. “तुझी माय बसते त्या खोलीत. काय लपवाचं होतं, ते तर सांग!”

अश्विनचा चेहरा पांढराफटक पडला. आईच्या इमानावर बोट आलं होतं आणि उत्तर द्यायचं तर तिची लाज चव्हाट्यावर मांडावी लागली असती. त्यानं ओठ मिटून घेतले. मंजुषाला कळलं... आता ती बोलली नाही, तर हा माणूस बदनामी घेऊन कारध्याला जाईल आणि पुन्हा कधी या गल्लीत पाऊल ठेवणार नाही.

“मी पुसलं, बाबा. मालकी माझ्याजवळ दिली होती तुमी. त्या खोलीत बाया सूत काढतात. कशा काढतात, ते तुमाले माहीत आहे. अन् ते तुमी बैठकीत व्यापाऱ्यांना दाखवणार होते.”

ऑटोवाला टीव्हीचा खोका धरून तसाच उभा. नंदलाल ओसरीच्या पायरीवर बसले.

“माझी मायबी तिथंच बसे,” ते म्हणाले. “बाप माझा जन्मभर खाकरूनच तिकडं गेला. अन् मी...” त्यांनी अश्विनकडे पाहिलं. “पोरा, तुझ्या मायबद्दल बोललो ते चुकलं माझं.”

“काका...”

“राहू दे. जा, शिडी ठेव.”

तो अंगणात गेला. नंदलाल मुलीकडे वळले. “आता तू सांग. त्याच्यासाठी एवढी भांडून राहिली, ते नुसतं चूक होती म्हणून?”

मंजुषाचे हात कॅमेऱ्याभोवती घट्ट झाले. “नाही, बाबा... मले तो आवडते.”

नंदलालांनी एक लांब श्वास सोडला. जातीपातीचं, समाजाचं, लोक काय म्हणतील याचं सगळं त्यांच्या चेहऱ्यावर येऊन गेलं. ते हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत.

“त्याच्या मायले विचारलं का?” शेवटी ते म्हणाले. “पोरगा तिचा आहे. तिले विचारल्याबिगर मी काही ऐकणार नाही.” आणि ऑटोवाल्याला हाक मारत ते बाहेर गेले.

अश्विन अंगणात वायर गुंडाळत होता. एकच वायर, पुन्हा पुन्हा.

“ऐकलं तुमी?” तिनं विचारलं.

“आवाजाची नोंद बंदच ठेवतो मी...” तो जमिनीशी बोलला. “पण आज... ऐकू आलं.”

“मग?”

“मले तर त्या वांग्यांच्या थैलीपासूनच...” पुढचं त्याला सुचेना.

“मग खाली काय पाहता, अश्विन?” ती म्हणाली. “वर पाहा न. मी परवानगी देऊन राहिली.”

त्यानं मान वर केली. पहिल्यांदाच, सरळ, डोळ्यांत. दोघंही तसेच उभे राहिले, कितीतरी वेळ.

तेवढ्यात सुताच्या खोलीच्या उंबऱ्याआतून कोणी तरी खाकरलं. त्या घरात पुरुष बाहेरून खाकरत आले होते. आतून बाई खाकरल्याचं मंजुषाला आठवत नव्हतं. वच्छलामावशी दाराआड थांबली होती. सूत तसंच हातात धरून, ती दोघं सांगतील तेव्हा बाहेर येण्यासाठी.