फोटोपुरतं घर

“आक्का, आवर लवकर. घरी चलायचंय!”

धाकट्या भावाचे, रामहरीचे, हे शब्द कानी पडले आणि सारजाबाईच्या हातातली चाऱ्याची पेंढी खाली गळाली... आठ महिने! दुष्काळ पडला म्हणून दूध सोसायटीनं मांजरसुंब्याजवळ चारा छावणी उघडली, तेव्हापासून दोन गाई घेऊन ती ताडपत्रीच्या पालात एकटीच राहत होती. बोलायचं ते गाईंशी, रुसायचंही त्यांच्यावरच. पण आज भाऊ न्यायला आला होता! तिनं घाईघाईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं.

मोटारसायकलला किक मारता मारता रामहरी हळूच म्हणाला, “फोटो काढायचाय. घरकुलाचा शेवटचा हप्ता अडकलाय. तू उभी राहिल्याबिगर मिळत न्हाई.”

असं होय!... वेडं मन, किती लवकर हुरळतं! पदर खोचून ती मागं बसली.

नवऱ्यानं टाकलेली बाई म्हणून घरकुलाच्या यादीत तिचं नाव आलं होतं. पण आईबापामागं तिनंच वाढवलेल्या या भावाच्या तीन सोयरिकी पक्क्या घरावाचून मोडल्या होत्या. शेवटी तिनंच त्याला शपथ घातली, “घर तुझंच हाय म्हून सांग. माझं नाव काढू नको.” टँकरच्या पाण्यातला आपला वाटा तिनं त्या घराच्या ओल्या भिंतींवर मारला, स्वतः मात्र आठ-आठ दिवस आंघोळ केली नाही. घर उभं राहिलं, विमल भावजय होऊन आली... आणि एका भर दुपारी म्हणाली, “आक्का, दुसऱ्याच्या घरात मानसानं किती दिस ऱ्हावं?” रामहरी दारातच होता. त्यानं मान खाली घातली. विमलच्या बोलण्यापेक्षा त्याचं ते मौनच तिच्या काळजात रुतलं. त्याच संध्याकाळी गाई सोडून घेऊन तिनं छावणीची वाट धरली होती.

घरासमोर पंचायत समितीचा इंजिनिअर मोबाइल घेऊन थांबला होता. विमल नवी साडी नेसून ओट्यावर येऊन उभी राहिली.

“तुम्ही बाजूला व्हा, ताई. फोटोत फक्त लाभार्थी पाहिजे. सारजाबाई कोण?”

“त्या कशाला?” विमल हसली. “घर तर आमच्या मालकाचं हाय!”

“छे! घरकुल सारजाबाईंच्याच नावावर आहे, पहिल्यापासून.”

विमलनं नवऱ्याकडं पाहिलं. “आवो, बोला की!”

“आक्काचंच हाय...” रामहरी पुटपुटला. “माझं लगीन व्हावं म्हून तिनं...”

सगळे बाजूला सरले. सारजाबाई ओट्यावर एकटीच उभी राहिली. फोटो निघाला.

इंजिनिअरची पाठ फिरताच विमलनं धावत येऊन तिच्या पायांवर डोकं ठेवलं. “तुमच्याच घरातून तुमाला हाकललं मी! का म्हून गप बसल्या वो, आक्का?”

“मला नांदता आलं न्हाई... तू तरी नांदावी म्हून गं!”

“त्या दिशी मी बोलाया पायजे हुतं, आक्का,” रामहरी हुंदके देत म्हणाला. “छावणीवर आता मी ऱ्हातो. तू घरात चल.”

किती दिवस वाट पाहिली होती या शब्दांची! सारजाबाई पुढं झाली. आत नवा रंग होता, नवा पलंग होता, तिची वाकळ असायची त्या कोपऱ्यात आता विमलचं कपाट होतं. तिचे पाय उंबऱ्याशीच थबकले. डोळे पुसून, जरा बिचकतच तिनं विचारलं,

“विमल, चपला कुठं काढू गं?”