बंद म्हटल्याशिवाय सोडायचं नाही

यात रात्र नाही, स्मशान नाही, पांढऱ्या कपड्यातली बाईसुद्धा नाही. रविवार होता, दुपारचे अडीच वाजले होते आणि ऊन इतकं लख्ख की गॅरेजच्या पत्र्याला हात लावला तर भाजेल. तरीही जे घडलं ते घडलं. कोणाला थाप वाटत असेल तर खुशाल वाटू दे, मी कोणाच्या मागे लागलेलो नाही.

हे घडलं माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरी. ताई माझी एकुलती एक बहीण. तिच्या नवऱ्याला आम्ही दाजी म्हणतो. दाजींनी मला हे सगळं तीन वेळा सांगितलं आणि तिन्ही वेळा शब्दाला शब्द तसंच. या माणसाला रजेसाठी आजारपणाचं खोटं कारणसुद्धा धड सांगता येत नाही, तो एवढी मोठी गोष्ट कुठून रचणार?

दाजींना एकच वेड. गाडी.

चाळीस वर्षांपूर्वीची दोन सीटची लाल स्पोर्ट्स कार, जमिनीला इतकी टेकलेली की आत शिरायचं तर आधी उकिडवं व्हावं लागतं. असल्या गाड्या बाळगणाऱ्यांचा एक क्लब आहे. क्लबात या गाडीला 'ठेंगणी' म्हणतात आणि मालकांना ठेंगणीवाले. महिन्यातून एकदा जमायचं, एकमेकांच्या बॉनेटमध्ये डोकी खुपसायची आणि काळेकुट्ट हात घेऊन घरी यायचं. बाकीच्यांच्या बायका वैतागायच्या. ताई मात्र पाना द्यायला स्वतः उभी असायची.

ही ठेंगणी दाजींनी मास्तरांच्या बायकोकडून घेतली होती. मास्तर म्हणजे क्लबातले सगळ्यात जुने सभासद. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं, पण शिस्त अशी कडक की नावच मास्तर पडलं. दोन वर्षांपूर्वी ते घरीच गेले, हार्ट अटॅकने. दाजींना एवढंच माहीत होतं. ताईने तर त्यांना कधी पाहिलंही नव्हतं.

गाडी आली आणि दुखणं सुरू झालं.

ब्रेक धरायचे.

म्हणजे पाय उचलला तरी ब्रेक सुटायचे नाहीत. गाडी जड चालायची, चाकं तापायची, जळका वास यायचा. दाजींनी रबरी नळ्या बदलल्या. पेडलपुढचा पंप नवा टाकला. चारही चाकांचे ब्रेक खोलून साफ केले. क्लबाला येणारे झाडून सगळे येऊन गेले, पण घोडं कुठे पेंड खातंय ते कोणालाच कळेना.

त्यात ड्रायव्हरची सीट पुढे येऊन अडकलेली. मास्तर बुटके होते, त्यांच्या मापाला ती जी बसली ती तिथेच गंजली. दाजी सहा फूट. गुडघे कानाला लावून चालवायचे. ताई मात्र त्या सीटमध्ये चपखल बसायची. "तुमची गाडी माझ्या मापाची आहे," असं ती त्यांना चिडवायची.

आणि अजून एक...

एकदा भर दुपारी दाजी काहीतरी घ्यायला गॅरेजमध्ये गेले, तर मागची भिंत लाल दिसत होती. ठेंगणीचे ब्रेकचे दिवे लागले होते. किल्ली दाजींच्या खिशात होती आणि गाडीत कोणी नव्हतं.

त्यांनी दार उघडलं.

दिवे विझले.

स्विच खराब असणार, असं म्हणून त्यांनी स्विच बदलला. जुन्या गाडीवाल्यांचं हेच तर असतं. भूत समोर उभं राहिलं तरी म्हणतील, अर्थिंग बघायला पाहिजे.

पुढच्या रविवारी क्लबाची घाटातली फेरी होती आणि या वेळी ठेंगणी ताई चालवणार होती. तिची सहा महिन्यांची तयारी होती. घाटात ब्रेक धरले आणि तापून एकदम निकामी झाले तर? दाजींच्या जिवाला घोर लागला होता. शेवटचा उपाय म्हणून त्यांनी आदल्या रविवारी, त्या अडीचच्या उन्हात, ब्रेकची हवा पुन्हा काढायला घेतली.

हे काम दोघांचं असतं. एकाने गाडीखाली जायचं, एकाने सीटवर बसायचं. खालचा म्हणतो, "दाब." वरचा पेडल दाबून सांगतो, "धरलंय." मग खालचा चाकामागचा छोटा नट सैल करतो, तेलाबरोबर हवा बाहेर येते. नट आवळला की तो म्हणतो, "बंद." ते ऐकल्यावरच वरच्याने पाय उचलायचा आणि सांगायचं, "सोडलं." पाय आधी उचलला तर हवा पुन्हा आत गेलीच म्हणून समजा. हे चार शब्द मास्तरांनीच क्लबाला लावून दिलेले. शब्द चुकला तर ते पाय उचलायचे नाहीत.

दाजी मागच्या डाव्या चाकापाशी आडवे झाले. ताई सीटवर बसली.

"दाब."

"धरलंय."

नट उघडला. तेलात फुगे आले. नट आवळला.

"बंद."

"सोडलं."

असं पाच-सहा वेळा झालं. मग ताईचा आवाज जरा बसल्यासारखा यायला लागला. दाजींना वाटलं, कंटाळली असेल बिचारी.

"दाब."

"...धरलंय."

फुगे काही संपेनात. दाजी म्हणाले, "अगं, अजून दोनदाच हं."

उत्तर नाही.

"दाब."

"...धरलंय."

दाजींनी नट उघडला. तेल यायला लागलं. आणि तेवढ्यात घराच्या मागच्या दारातून ताईची हाक आली.

"अहो, फोन झाला माझा. चहा टाकू का? की आधी ते संपवायचंय?"

दाजी सांगतात, त्या क्षणी त्यांच्या हातातला पाना कधी पडला ते त्यांना आजही आठवत नाही.

ते गाडीखालून सरपटत बाहेर आले. खिडकीतून आत पाहिलं.

सीट रिकामी होती.

पेडल मात्र... तळाला टेकलेलं होतं.

ताई धावत आली. दाजींचा चेहरा बघून घाबरली, पण झालं काय ते ऐकल्यावर उलट हसायलाच लागली. "मी तर दहा मिनिटांपूर्वीच सांगून गेले की, फोन घेऊन येते म्हणून. तुमचं लक्ष असतं का? पेडल अडकलं असेल, त्यात काय एवढं." आणि दाजी नको नको म्हणेपर्यंत ती सीटवर बसलीसुद्धा. पेडल वर ओढावं म्हणून तिने पाय पुढे सरकवला.

आणि तिने स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"काय झालं?"

"पाय निघत नाहीये."

"चेष्टा नको करूस."

"अहो, खरंच निघत नाहीये. कोणीतरी..." ती थांबली. "माझ्या पायावर कोणाचा तरी पाय आहे."

दाजींनी तिच्या काखेत हात घालून ओढलं. ताई ओरडली, इतकं दुखलं तिला. पाऊल पेडलवरून केसभरही हललं नाही. बूट काढायला गेले तर बूटही निघेना. घोट्यापासून खाली पाय बर्फासारखा गार पडला होता, आणि गॅरेजमध्ये तर घामाच्या धारा लागलेल्या.

दाजींची पाचावर धारण बसली. त्यांनी क्लबाच्या सेक्रेटरीला फोन लावला. सेक्रेटरी म्हणजे मास्तरांचा तीस वर्षांपासूनचा दोस्त, वय सत्तरीचं, मास्तर गेल्यापासून क्लबात न फिरकलेला, नावापुरताच सेक्रेटरी. दाजी काय बोलले ते त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं. सेक्रेटरीने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"नट उघडा आहे का?"

"हो. पाना तसाच टाकून बाहेर आलो."

"हात लावू नकोस. मी येतो."

त्यांना यायला वीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात ताईचा पाय गुडघ्यापर्यंत गार पडला. दाजी तिचा हात धरून बसले होते. ती रडत नव्हती, नुसती समोरच्या काचेकडे बघत होती. मध्येच एकदा तिचे ओठ हलले.

"...धरलंय."

दाजी म्हणाले, "कोणाला सांगतेस?"

"मी कुठे काय बोलले?" ताई म्हणाली.

सेक्रेटरी आले ते भिंत धरून उभे राहिले. ताईचा पेडलवरचा पाय त्यांनी वाकून पाहिला.

"मास्तर याच सीटवर गेला," ते म्हणाले. "मी खाली होतो."



"त्या दिवशी ब्रेकचं काम चाललं होतं. मी नट आवळला, पण 'बंद' म्हणायचं विसरलो. नुसतंच म्हटलं, सोड रे. त्याने उत्तर दिलं नाही. त्याची खोडच होती ती, शब्द चुकला की धडा शिकवायचा. चार वेळा ओरडलो, तरी गप्प. माझं डोकं फिरलं. म्हटलं, मग बस धरून. आणि आत जाऊन चहा प्यायलो. चांगला पाव तास." त्यांनी तोंड पुसलं. "परत आलो तेव्हा तो तसाच बसला होता. पाय पेडलवर. तेव्हा गाडीत नुसतं डोकावून बघितलं असतं ना रे... कोणाला सांगितलं नाही मी हे. त्याच्या बायकोलासुद्धा नाही."

"सेक्रेटरीसाहेब, ते सगळं नंतर. हिचं काय करायचं?"

"मलाच करायला पाहिजे," सेक्रेटरी म्हणाले.

सत्तरीचा माणूस कण्हत गाडीखाली गेला. दाजींना फक्त त्यांचे बूट दिसत होते. पाना उचलल्याचा आवाज आला. नट आवळल्याचा आवाज आला.



"मास्तर," खालून आवाज आला. तो रडका होता. "माझं चुकलं रे. आवळलाय मी नट. बंद."

गॅरेज गार पडलं.

बाहेर रस्त्यावरून एक स्कूटर गेली. तिचा आवाज विरला.

"बंद," सेक्रेटरी पुन्हा म्हणाले.

आणि...

"सोडलं."

पेडल हलकेच वर आलं. ताईचा पाय सुटला. दाजींनी तिला उचलूनच बाहेर काढलं, आणि तेव्हा त्यांचा धक्का लागला म्हणून ती गंजलेली सीट सरसर मागे गेली. तिला अडकायला तिथे गंजाचा डागसुद्धा नव्हता.

सेक्रेटरी गाडीखालून बाहेर आले तेव्हा पांढरेफटक पडले होते.

"वरून नाही आला आवाज," ते म्हणाले. "माझ्या शेजारून आला. कानाशी."

दाजी म्हणाले, "मला तर वाटलं, हीच बोलली."

दोघांनी ताईकडे पाहिलं. ती घोटा चोळत होती.

"मी?" ती म्हणाली. "मला तर काहीच ऐकू आलं नाही."

त्यानंतर ठेंगणीचे ब्रेक एकदाही धरले नाहीत. पुढच्या रविवारी ताईने घाट चढवला, उतरवला, चाकं कोमटसुद्धा झाली नाहीत. सेक्रेटरी दुसऱ्याच दिवशी मास्तरांच्या घरी जाऊन सगळं सांगून आले. आता ते पुन्हा क्लबात येतात, हसतात. दाजी म्हणतात, मास्तर सुटले.

दाजी म्हणतात ते खरं असावं, असं मला फार वाटतं.

पण मागच्या महिन्यात मी ताईबरोबर तिच्या रोजच्या गाडीतून चाललो होतो. साधी, नवी गाडी. ठेंगणीशी काही संबंध नाही. सिग्नल लाल झाला, ताई थांबली. सिग्नल हिरवा झाला.

ताई हलेना.

मागचे हॉर्न वाजवायला लागले. "अगं, हिरवा झाला," मी म्हटलं. ती शांतपणे समोर बघत होती. पाय ब्रेकवर होता.

"ताई, चल ना."



मला का सुचलं कोण जाणे. मी हळूच म्हटलं, "बंद."

तिने पाय उचलला. गाडी निघाली. जसं काही झालंच नव्हतं.

पुढच्या सिग्नललाही तेच. त्याच्या पुढच्यालाही. मी दर वेळी म्हणत गेलो आणि ती निघत गेली. शेवटी न राहवून विचारलं, "ताई, एकटी असतेस तेव्हा काय करतेस गं?"

"एकटी कुठे असते?" ती म्हणाली, आणि हातातलं केळ सोलावं तितक्या सहज तिने गिअर बदलला.

घराजवळचा शेवटचा सिग्नल लागला. या वेळी मी मुद्दाम गप्प बसलो. तोंड घट्ट मिटून घेतलं. सिग्नल हिरवा झाला.

मी काहीच बोललो नाही. गाडीत आम्ही दोघंच होतो.

ताईने मान जराशी तिरकी केली, ऐकल्यासारखी. मग ब्रेकवरचा पाय उचलला.

"सोडलं," ती म्हणाली.