गाडी जरा खाली घ्या

मंगल कार्यालयातली शेवटची पंगत उठली होती, आणि बाहेर बडनेरा रोडवर एक काळीभोर फोर बाय फोर अर्धा रस्ता अडवून उभी होती. गाडी कसली, नुसता तोरा! मुळातच उंच, त्यात मालकाने हौसेने लांब स्प्रिंगा आणि वर ठोकळे घालून ती आणखी उंच केलेली. तिच्या दाराशी संत्र्यांचा रिकामा कॅरेट पालथा घातला होता आणि जरीच्या लुगड्याचा काठ सावरत भागीरथाबाई त्यावर चढत होत्या. एक पाय कॅरेटवर, दुसरा हवेत… आणि कॅरेट सरकला.

आचल नेमकी तिथूनच स्कूटी काढत होती. तिने स्कूटी सोडून दिली आणि धावत जाऊन बाईंना कमरेत धरलं. स्कूटी आडवी झाली, बाई मात्र वाचल्या.

पलीकडून 'आई, आई' करत त्यांचा तरुण मुलगा धावत आला. चेहरा पार उतरलेला — आणि उतरलेला असूनही देखणा. आचलच्या डोळ्यांनी हे टिपलं, पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"ही गाडी हाये का मचान?"

"मचानावरून वाघ दिसते, म्याडम," तो कसाबसा हसला.

"वाघ दिसते, अन् मायचे गुडघे नाई दिसत?"

भागीरथाबाई धाप लागलेल्या असूनही खळखळून हसल्या. "बरी बोलली माय! मी सांगून सांगून थकली या अश्विनले. कोठी जायचं म्हटलं का आधी हा डब्बा शोधा लागते."

"पुढच्या चौकात माझंच गॅरेज हाये," आचल म्हणाली. "गाड्या उंच करून देतो मी. पन कोणी शहाणा भेटला, तं खालीबी घेऊन देतो." तिने स्कूटी उचलली, वाकलेला आरसा एका हिसक्यात सरळ केला आणि निघून गेली. अश्विन रस्त्याकडे पाहतच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काळी गाडी गॅरेजसमोर हजर. सोबत मोर्शीच्या त्याच्या बागेतली संत्री, तीही पानांसकट.

"शहाणा भेटला वाटते," आचल म्हणाली.

"शहाणा नाई, घाबरलेला. आईनं सांगितलं, गाडी खाली घे, नाही तं मी यस्टीनं जातो." तो गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. "पन म्याडम… सेमाडोहच्या जंगलातल्या रस्त्यावर हे उंची लई कामाची पडते."

"वर्षातून कितीदा जाता सेमाडोहले?"

"एकदा."

"अन् आईसंगं लग्नाले?"

त्याने एक संत्रं सोललं आणि अर्धं तिच्यापुढे धरलं. तिचे हात ग्रीसने माखलेले. क्षणभर दोघंही अवघडले… मग त्याने फोडी एका कागदावर काढून टुलबॉक्सवर ठेवल्या, आणि आचलला हा माणूस आवडून गेला. एवढ्याशा गोष्टीवरून आवडून जाणं बरं नव्हे, हे तिला कळत होतं. तिला पाहायला आजवर जी स्थळं आली, त्यांनी पोहे संपवता संपवता एकच विचारलं होतं — "लग्नानंतर गॅरेज बंद करणार ना?" तिने त्या सगळ्यांना चहा पाजून वाटेला लावलं होतं. याने मात्र गॅरेजकडे असं पाहिलं, जसं लोक चांगल्या उभ्या पिकाकडे पाहतात.

गाडी खाली घ्यायची तर मूळच्या स्प्रिंगा हव्यात, आणि त्या होत्या अकोल्याला, अश्विनच्या मित्राकडे, नितेशकडे.

"घेऊन येतो मी," अश्विन म्हणाला.

"मी डोळ्यानं पाहिल्याशिवाय जुनी स्प्रिंग बसवत नसतो. मीबी येतो."

गॅरेजमधले जुने मिस्त्री डोमाजी काका खाली मान घालून हसले. आजवर आचलबाईंनी जुन्या स्प्रिंगा मागवून घेतल्या होत्या, आणायला कधी गेल्या नव्हत्या.

गाडी आचलनेच चालवली. दोन्ही बाजूंना कापूस फुटून शेतं पांढरी झालेली, हवेत हिवाळ्याचा कोवळा गारवा. मूर्तिजापूरला चहा झाला. अश्विनने तिला संत्र्याचे दोन बहार समजावून सांगितले, तिने त्याला शॉकअपमधलं तेल गळतंय का, हे कसं ओळखायचं ते सांगितलं. प्रेमात पडायला एवढे विषय पुरतात.

"तुमी गाडी चालवता तवा गाणं गुणगुणता," तो म्हणाला.

"मी? छे!"

"आता थांबलं. उगाच सांगितलं मी…"

अकोल्यात नितेशने गोठ्यातल्या कडब्याखालून स्प्रिंगा ओढून काढल्या. वरून धूळ, पण आतून ठणठणीत. आचल त्या उलटून पालटून पाहत होती, तेवढ्यात नितेश सहज बोलून गेला, "कायले दोन चकरा मारल्या बे? रविवारी पोरगी पाहाले येनंच होतं ना इकडं!"

आचलच्या हातातली स्प्रिंग एकदम जड झाली.

परतीच्या वाटेवर गाणं नव्हतं. मूर्तिजापूर आलं आणि गेलं, चहाला कोणी थांबलं नाही.

"आईनं दिवाळीतच शब्द देला होता," शेवटी अश्विन म्हणाला. "आपली भेट व्हायच्या आधी."

"मले कावून सांगून राहिले?"

"तुमाले काही म्हणायचं असन तं…"

म्हणायचं खूप होतं. पण आचलचा स्वाभिमान तिच्याआधी बोलला. "मले काय म्हणायचं? गाडी शनिवारी भेटन."

म्हणजे आता हिशेब असा झाला — आचल जितकं चांगलं काम करणार, तितक्या आरामात भागीरथाबाई दुसरीच सून पाहायला जाणार. डोमाजी काकांना न सांगता सगळं कळलं होतं. ते हळूच म्हणाले, "बाई, एक नट ढिला राहू द्या. रविवारी गाडी निघतच नाई."

"काका, त्या गाडीत त्या बाई बसनार हायेत," आचल म्हणाली, आणि गाडीखाली शिरली. तिने लांब स्प्रिंगा आणि ठोकळे काढले, जुन्या स्प्रिंगा घासून रंगवून बसवल्या, मापाचे शॉकअप लावले, मोठे टायर उतरवून साधे चढवले, चाकांचं अलाइनमेंट केलं. दाराखाली रुंद पायरी लावली, आणि पाय घसरू नये म्हणून तिच्यावर रबर चिकटवलं. ते कोणी सांगितलं नव्हतं. मध्ये एकदा तिला रडू आलं. हात काळे होते, म्हणून तिने डोळे कोपराने पुसले. गाडीखाली कोणाला दिसतं?

शनिवारी ती ठरवून उठली. एकदा तोंड मिटून पाहिलं होतं, त्याने नुसता त्रास झाला.

मायलेक दोघं आले. भागीरथाबाईंनी गाडीकडे पाहिलं, पायरीवर पाय ठेवला, दाराला धरलं, आणि कोणाचाही हात न घेता पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. क्षणभर त्यांना स्वतःलाच खरं वाटेना. मग त्या उतरल्या आणि पुन्हा एकदा चढल्या, निव्वळ हौस म्हणून.

"माय वं… लई सोपं केलं पोरी तू."

"काकू, उद्या अकोल्याले आरामात जान तुमी," आचल म्हणाली. "पन जायच्या आधी ऐकून घ्या. मले तुमचा पोरगा आवडते. गॅरेज मी बंद करनार नाई, हेबी आताच सांगतो. बस्स, एवढंच होतं."

डोमाजी काकांच्या हातातला पाना खाली पडला. अश्विन तिच्याकडे पाहत होता — डोळ्यांत आनंद, आणि कानांच्या पाळ्या लाल.

"अकोल्याले मी कालच फोन केला," तो म्हणाला. "येत नाई म्हणून. माफी मागितली त्याइची."

"मले न सांगता?" भागीरथाबाई गाडीतूनच कडाडल्या.

"आज सांगनारच होतो, आई."

"पन मी काहीच बोलली नव्हती…" आचल पुटपुटली.

"तुह्या मनात काय हाये ते मले मालूम नव्हतं." 'तुमी'चं 'तू' कधी झालं, ते त्यालाही कळलं नाही. "पन माह्या मनात कोन हाये, ते तं मालूम होतं ना! मंग दुसऱ्याच्या पोरीले उगाच कायले नटवून बसवायचं?"

भागीरथाबाई लेकाकडे पाहत राहिल्या, मग आचलकडे, मग तिच्या काळ्या हातांकडे. आचलने हात पाठीमागे घेतले. आता तोच प्रश्न येणार, नेहमीचा.

"गॅरेज बंद कावून करतं?" त्या म्हणाल्या. "मोर्शी काय दूर हाये? हे पोट्टे गाड्या उंच करनं थोडीच सोडनार हायेत! अन् परतेकाच्या घरी माय हाये, मायले गुडघे हायेत."

त्या पुढच्या सीटवरून उतरल्या, मागचं दार उघडलं आणि मागे जाऊन बसल्या.

"काकू, पुढंच बसा ना—"

"पुढं तुमी दोघं बसा. आता तुह्या बाबाले भेटू. रस्त्यात पेढे घ्या लागतीन."

आचलने हात धुतले, तरी कडांना काळं राहिलंच. तिने अश्विनपुढे हात पसरला, किल्लीसाठी. त्याने किल्ली ठेवली आणि तळहात लगेच सोडला नाही… ती लाजली. चक्क लाजली, आणि लाजतच गाडी बाहेर काढली. पेढे घेतले, गप्पा रंगल्या, रस्ता मागे पडत गेला.

"अरे देवा," ती एकदम म्हणाली. "आमची गल्ली मागंच राहिली."

"चालू दे, माय," मागून भागीरथाबाई म्हणाल्या. "मस्त बसली हावो मी."