ओल्या मातीत

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. केजजवळच्या एका गावातली मनकर्णा भाकरी फडक्यात बांधून नदीकडे निघाली होती. तिचा नवरा उत्तरेश्वर उपसा सिंचन सोसायटीची मोटर चालवायचा. शेतं केव्हाच करपली होती. डोहात उरलेलं पाणी गावाच्या हौदात चढवायचं, एवढंच काम मोटरीला राहिलं होतं.

ती पोचली तर माणसं ओरडत पळत होती. उत्तरेश्वर मोटरीच्या खोलीच्या दारात पडला होता. सुटलेली तार त्याच्या हाताला चिकटली होती, ती कुणीतरी काठीनं उडवली. छाती हलत होती, पण डोळे उघडत नव्हते.

"पुरा त्याला!" सोसायटीचे चेअरमन माणिकराव म्हणाले. "माती करंट ओढून घेती. वीज पडलेल्यालाबी आपल्यात असंच वाचवत्यात."

सगळ्या शिवारात ओली माती एकाच जागी होती, पाइप गळायचा तिथं. तिथंच खड्डा खणून त्याला गळ्यापर्यंत पुरलं. मनकर्णा त्याच्या डोक्यावर पदराची सावली धरून बसली. ऊन कललं तेव्हा त्याचे ओठ हलले.

"मने... खालून कुणीतरी पाय धरलाय गं..."

"बायकूपेक्षा घट्ट धरलाय व्हय बे?" माणिकराव म्हणाले, आणि सगळेच सुटल्यासारखे हसले. माणूस बोलला म्हणजे वाचला! पण उपसून काढताना तो हलेना. चौघांनी काखेत हात घालून ओढला, तेव्हा कुठे माती सुटली.

मग खोकला लागला. अंग भट्टीसारखं तापलं, थुंकीत रक्त दिसायला लागलं. जीपमध्ये घालून त्याला केजच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बराच वेळ छाती ऐकली.

"न्यूमोनिया आहे. पुरलं कशाला? तार हातापासून सुटली तेव्हाच करंट संपला होता. त्याच्या छातीला श्वास घ्यायला जागा हवी, तर तुम्ही वर मातीचं ओझं ठेवलंत!" मग ते आवाज उतरवून म्हणाले, "करंट लागल्यावर फुफ्फुसाचं नेमकं काय होतं, ते अजून आम्हालाही पुरतं कळलेलं नाही."

पेनिसिलिनची इंजेक्शनं सुरू झाली. मनकर्णा उशाशी बसून त्याचा एकेक श्वास ऐकायची. एक गेला की दुसरा येईपर्यंत तिचा जीव टांगलेला असायचा. धरतीमाते, माझा माणूस मला दे, नारळ वाढवीन, एवढंच ती मनात घोकत होती.

एका सकाळी खोकला थांबला. एकदम थांबला, मधेच कुणी तोंडावर हात ठेवावा तसा. ताप उतरला, आणि उतरतच गेला. अंग माठासारखं गार लागायला लागलं. डॉक्टरांनी हसून त्याला घरी न्यायला सांगितलं.

घरी उत्तरेश्वर जेवायचा, झोपायचा. बोलायचा कमी. अशक्तपणा असेल, म्हणून तिनं मनाला समजावलं, आणि एका दुपारी ती नवस फेडायला नदीवर गेली.

मोटर बंद होती. वाऱ्याची झुळूक नव्हती. बुजवलेल्या खड्ड्यापाशी ओल्या मातीचा वास होता आणि त्यात आजाऱ्याच्या अंथरुणाचा आंबूस वास मिसळला होता. ती नारळ फोडायला वाकली.

खाली कुणीतरी खोकलं.

तोच खोकला. छातीत अडकून कण्हत सुटणारा. दवाखान्यात उशाशी बसून तिनं ऐकलेला.

हातातला नारळ घरंगळला. ती दोन्ही हातांनी माती उकरायला लागली. जितकं खाली जावं तितकी माती गार लागायला हवी होती. ती तापलेली होती. तापलेल्या कपाळासारखी, घामानं ओली.

"काय करायलीस?"

उत्तरेश्वर मागे उभा होता. तो आल्याची चाहूलच लागली नव्हती.

"अवं... इथं खाली... कुणीतरी खोकायलंय..."

तो रागावला नाही. तिच्याशेजारी बसला. उकरलेली माती त्यानं हळूहळू परत लोटली, कडेकडेनं दाबली, निजलेल्या माणसाची वाकळ दाबावी तशी. मग आपला गार हात त्यानं तिच्या हातावर ठेवला.

"वारं लागू देऊ नगंस," तो म्हणाला. "उतरंल त्याचा ताप."