वीस मीटर लांब, तीन मीटर रुंद

विल्गा क्रीकच्या नव्या पुलाचा स्लॅब पहिली गाडी जायच्या आधीच तडकला, आणि खापर सिओने वाइपुलूवर फुटलं. हा टोंगाहून आलेला गवंडी. त्याने काँक्रीटमध्ये जास्तीचं पाणी ओतलं, असा अहवाल साइट इंजिनिअर ट्रेगरने लिहिला. नोकरी गेली की व्हिसाही जाणार, पोरांसकट देश सोडावा लागणार, म्हणून सिओनेच्या बायकोने खाजगी गुप्तहेर थेल्मा क्रोहर्स्टला बोलावलं.

थेल्माने आधी भेगा मोजल्या. स्लॅबच्या मधोमध वीस मीटर लांब, तीन मीटर रुंद पट्टा. बाकी पुलावर ओरखडा नाही.

"भेगा फार शिस्तीच्या आहेत," ती म्हणाली. तिचा सहायक मॉरिस याने वहीत 'शिस्त' असं लिहून घेतलं.

सिओने म्हणाला, शनिवारी पहाटे काँक्रीट ओतलं, वर ओली गोणपाटं अंथरली. रविवारी तो दिवसभर चर्चमध्ये होता. काँक्रीटचा ट्रक आणणाऱ्या नेव्हिलने सांगितलं, पाणीबिणी कोणी ओतलं नाही. आणि कोणी न विचारताच, रविवारी आपण त्रेचाळीस धावा काढल्याचंही. ट्रेगर म्हणाला, रविवारी बेचाळीस डिग्रीत आपण स्वतः पुलावर होतो, सात दिवस गोणपाट हललं नाही.

जेवताना मॉरिस कुरकुरला. पाणीटंचाईमुळे गावचं क्रिकेटचं मैदान डिसेंबरपासून बंद, एक सामना बघायला नाही. थेल्माने हातातला खिम्याचा पॅटिस खाली ठेवला आणि सगळ्यांना साइट ऑफिसात बोलावलं.

"माल पातळ असता, तर स्लॅब पूर्ण रुंदीला तडकला असता. इथे तेवढ्याच पट्ट्यावरचं गोणपाट कोणीतरी उचललं. कोवळं काँक्रीट उन्हावाऱ्यात सुकलं, आक्रसलं, फाटलं. वीस मीटर बाय तीन म्हणजे क्रिकेटचं पिच. नेव्हिल, मैदान बंद असताना त्रेचाळीस धावा कुठे काढल्यास?"

नेव्हिल बुटांकडे बघू लागला. "अंपायर ट्रेगरसाहेबच होते."

"चेंडू कसा उसळत होता?" मॉरिसने विचारलं.

"झकास."

"चारच तास हो," ट्रेगर म्हणाला. "मग परत झाकलं."

थेल्माचा आवाज चढला नाही, म्हणून सगळे जास्तच घाबरले. "खेळलात तुम्ही, आणि देश सोडायचा त्याच्या पोरांनी? बसा. नवा अहवाल लिहा. खेळणाऱ्यांच्या नावांसकट."

सिओनेने तो कागद दोनदा वाचून खिशात ठेवला. ट्रेगरने मऊ आवाजात विचारलं, उद्या भेगा भरायला येशील ना?

"येईन. पण भरायच्या तुम्ही, साहेब."

पुढचे तीन दिवस इंजिनिअर स्लॅबवर रांगत एकेका भेगेत इंजेक्शनच्या सुईने चिकट राळ भरत होता. सिओने शेजारी खुर्ची टाकून बसला होता.

"ही राहिली," तो म्हणायचा.