बांगडीतली पिन

तान्ह्या पोळ्याच्या आदल्या रात्री नूतनचा डोळ्याला डोळा लागला नाही. लेकाच्या, अश्विनच्या मांडीवरचं गळू तिनं बांगडीतल्या सेफ्टी पिननं फोडलं होतं. बी.एस्सी. झालेली बाई! पिवळाजर्द पू भसकन बाहेर आला. साबणानं हात धुतले, पण वास नखांत बसला तो बसलाच. सकाळी पोराच्या अंगात ताप. 'व्हायरल असेल,' असं तिनं स्वतःला दिवसभर समजावलं.

तान्ह्या पोळ्याच्या रात्री अश्विन आत ग्लानीत पडला होता. अंगणात शेजारचे बापूराव पोरांना सांगत होते, ते नूतनला आत ऐकू येत होतं.

"माह्या दोस्तानं, लालसूनं सोतः सांगितलं, म्हून खरं. त्याच्या गावच्या कोलूनं आपलं गळू फोडलं, वळचणीत खोचलेल्या काट्यानं. घरातले सारे पायातले काटे त्यानंच काढत. मंग ताप उतरेच ना. डाक्टर म्हने, जंतू रक्तातून हृदयाच्या झडपेवर बसले. झडप सडली. पू आत शिरून राह्यला, म्हून ठोके चुकतेत. मशीन बसवा लागन. कोलू ऐकते? रात्रीच दवाखान्यातून पळाला. लालसूले म्हने, घरी सोड."

"मंग, आबा?"

"लालसूनं त्याले गमछ्यानं पाठीशी बांधलं. फटफटी निघाली जंगलातून. पाठीवर ठोका लागे. धक... धक... मंग काईच नाई. मंग धक... मंग थांबलाच. अन् वास सुटला. सडक्या मासाचा."

"लालसूकाकानं आंघोळ केली नसन!" एक पोरगा खिदळला. बापूराव हसले नाहीत.

"फाट्यावर... पुन्हा लागला. धक. घरी सोडलं तं कोलूचं अंग कधीचंच लाकूड. लालसूच्या शर्टाले पाठीवर पिवळा डाग. शर्ट जाळला. डाग चामडीवर राह्यला."

'घाबरट कुठली,' असं स्वतःलाच म्हणत नूतननं स्कूटीची किल्ली घेतली. अश्विनला उठवून स्कूटीवर पुढं उभं केलं.

दवाखान्याच्या वाटेवर दोन्हीकडं साग. अंधार.

पाठीला काहीतरी टेकलं. ओलं. कोमट.

धक... धक...

काहीच नाही.

अश्विन तर पुढं होता. आरशात टक लावून बघत होता.

धक...

तोच वास. नखांतला. तिनं मागं पाहिलं नाही.

दवाखान्याच्या उजेडात नर्स म्हणाली, "ताई, पाठीवर काय लागलं हे? पू आहे का?"

नूतननं हात मागं नेला. बोटं चिकटली...

डॉक्टरांनी अश्विनच्या छातीला स्टेथोस्कोपची नळी लावली. त्यानं ती बाजूला सारली, रिकाम्या दाराकडं बोट केलं.

"आधी मांगच्या काकाले पाहा न. आता पळत नाई म्हनते ते."